दगड तांबडाच होता

हेल्गेरोआ, २० फेब्रुवारी १९९४

प्रिय हाल्वोर,

माझं अक्षर ओळखशील की नाही, ठाऊक नाही. म्हणून आधीच सांगते, मी गुन्वोर. तुझा पत्ता लेर्विकच्या बंदर कचेरीतून मिळाला. मी त्यांना एवढंच लिहिलं होतं, ‘नॉर्वेचा हाल्वोर, पूर्वी देवमाशांच्या बोटीवर होता, आता बहुतेक इंजिनं दुरुस्त करतो.’ त्यांनी घराच्या नंबरासकट कळवलं. शेटलंडच्या बेटांवर तुला सगळे ओळखतात असं दिसतं.

कामाचं आधी. १९५३ च्या मे महिन्यात वरच्या खाणीत तुला जो दगड सापडला होता, तो नवा निघाला. नवा म्हणजे जगात आजवर कुणीच न नोंदलेला. ओस्लोहून इंगविल्ड नावाची एक भूवैज्ञानिक गेल्या ऑक्टोबरात इकडे आली होती. तिशीची मुलगी आहे, पुरुषांचे बूट घालते, पण डोकं फार चांगलं. तिनं तो तपासला. त्यात सोडियम आहे, झिर्कोनियम आहे, सिलिका आहे आणि चिमूटभर गंधक. ही जुळणी कुठल्याच यादीत नाही म्हणे. आता नावाचा प्रस्ताव समितीपुढे जायचा आहे आणि तिला तुझंच नाव द्यायचं आहे. हाल्वोराइट. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची लेखी परवानगी लागते. फॉर्म सोबत जोडला आहे. खाली उजवीकडे सही कर आणि ओस्लोच्या पत्त्यावर पाठव.

दगड कसा मिळाला, असं तू विचारशील. आईचं शिवणाचं कपाट आवरताना एका पत्र्याच्या डब्यात सापडला.

त्या वेळी जो थोडा गैरसमज झाला होता, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. वेत्रेही वारले, सहा वर्षांपूर्वी. त्यांचं औषधांचं दुकान आता एका मोठ्या कंपनीनं घेतलं आहे. मी गेल्या वर्षीच तिथून निवृत्त झाले.

यंदा खाडी गोठली नाही. कॉड मासा बरा मिळतो आहे.

तुझी बहीण,
गुन्वोर

हेल्गेरोआ, १३ मार्च १९९४

हाल्वोर,

तुझं कार्ड पोचलं. पुढे लेर्विकच्या बंदराचं चित्र, मागे फक्त एक ओळ: ‘सही करणार नाही. गैरसमज कोणाचा झाला होता?’

कार्ड आठवडाभर ओट्यावर साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलं होतं. चहा करताना रोज वाचत होते. बरोबर आहे तुझं. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता. तो शब्द मी लिहायला नको होता.

काय झालं ते मी लिहून काढते. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या हातानं कधी लिहिलेलं नाही.

दुपारची सुट्टी होती. मी तुझा डबा घेऊन वर आले होते, कारण सकाळी तू तो विसरला होतास. तू नेहमीच विसरायचास आणि मला ते आवडायचं, कारण मग मला खाणीत यायला मिळायचं. त्या वर्षांत रविवार म्हणजे आपली होडी, दोन हातोड्या आणि आईनं दिलेली पावाची पुरचुंडी. किती बेटं पालथी घातली आपण! तू दगड फोडायचास, मी चिठ्ठ्या लिहायची. कुठे सापडला, कधी, वजन किती. आईला वाटायचं आपण मासे पकडायला जातो, आणि संध्याकाळी रिकामे हात बघून ती म्हणायची, “दोघांना मिळून एक बांगडा मिळू नये?”

तर त्या दुपारी तू निळ्या दगडाच्या एका मोठ्या ठोकळ्यामागे, सावलीत बसला होतास. मला बघून ओरडलास, “गुन्नी, पळ! इकडे ये आधी!”

तू नुकतीच शीर फोडली होतीस. आत नखाएवढे दाणे, रानातल्या तित्तेबेरच्या मुरंब्यासारखे लालभडक. मी म्हणाले, “मुरंबा सांडलास ना दगडावर?” मग वास आला. मी नाक धरलं. “शी! कुणाचं तरी अंडं नासलंय.”

“माझं नाही,” तू म्हणालास. “दगडाचं.”

आपण दोघं किती हसलो होतो.

मग तू शिरेतून निघालेल्या सगळ्या तुकड्यांचा ढीग भिंतीवर उन्हात मांडलास, नीट दिसावा म्हणून, आणि सायकल घेऊन वेत्रेंना आणायला गेलास. तालुक्यात दगडांतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, संग्रहालयवाल्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मी भिंतीशेजारी बसून होते. रंग उतरताना मी पाहिला, हाल्वोर. आधी गुलाबी झाला, मग दुधात थेंबभर रक्त पडावं तसा, मग काहीच नाही. मला वाटलं, माझेच डोळे दिपले.

तुम्ही आलात तेव्हा खाणीतली सगळी माणसं जमली होती. कोलबाइन म्हणाला, “काय रे रंगारी, ओला होता का रंग?” तू एकेक दाणा ठेचून बघितलास, सगळे आतून पांढरे. ते काचेसारखे होते, ऊन थेट आतवर गेलं होतं. वेत्रे रागावले नाहीत. ते शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाले, “गुन्वोर, तू इथे होतीस. रंग कोणता होता?”

त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं की ओस्लोच्या औषधनिर्माण वर्गासाठी ते माझ्या नावानं शिफारस करणार आहेत. मी वीस वर्षांची होते. मी म्हणाले, “पांढरा. पांढराच होता.”

तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. तेव्हा तू म्हणायला हवं होतंस, ‘ही खोटं बोलते.’ तू म्हणाला असतास तर मी कदाचित रडले असते आणि खरं सांगितलं असतं. पण हे मी तुझ्यावर ढकलते आहे, आणि ते बरं नाही.

पुढचं सगळं तुझं आहे. रंगारी हे नाव, रोजचे टोमणे, कोलबाइनचा दात, गेलेली नोकरी, ऑक्टोबरात सांडेफ्योर्डहून सुटलेली बोट.

फॉर्मबद्दल आग्रह करत नाही.

गुन्वोर

हेल्गेरोआ, ४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

हाल्वोर,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण पहिल्या पत्रात मी आणखी एक खोटं लिहिलं आणि ते मला झोपू देत नाही.

डबा आईच्या कपाटात सापडला नाही. तो माझ्या कपाटात होता, सुरुवातीपासून.

त्या दिवशी सगळे खाली गेल्यावर मी भिंतीवरचे चार-पाच तुकडे एप्रनच्या खिशात टाकले. का, ते विचारू नकोस. तुझे होते म्हणून घेतले असतील. उरलेले तुकडे दुसऱ्याच दिवशी टाकाऊ दगडांबरोबर समुद्रात गेले, धक्क्याच्या भरावात. मी तुकडे खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यात घातले आणि डबा हिवाळी कपड्यांखाली ठेवला.

१९६१ च्या शरदात मी लोकरीचे मोजे शोधत होते. डबा हाताला लागला, सहज उघडला. आत तित्तेबेर.

ते तसेच लाल होते. खिडकीशी नेले आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पांढरे झाले. मी पलंगावर बसून राहिले. म्हणजे उजेडात उतरतो आणि अंधारात परत येतो, पण इतका सावकाश की वर्षं लागतात. तू ठेचून दाखवत होतास, त्याला ठेचायची गरज नव्हती, थांबायची होती. हे आपल्याला कुठून कळणार?

हाल्वोर, तेव्हा आठच वर्षं झाली होती. तू तेव्हा स्कॉटलंडात लीथमध्ये होतास, आईकडे पत्ता होता. मी वेत्रेंकडे डबा घेऊन जाऊ शकले असते. ते मानी होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी डबा बघितला असता आणि तुला स्वतः पत्र लिहिलं असतं. मी दुकानात गेले, पांढरा कोट घातला आणि दिवसभर खोकल्याचं औषध मोजलं. उद्या सांगू म्हटलं. मग ख्रिसमसनंतर म्हटलं. दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं, कारण आता ‘तेव्हा का नाही सांगितलंस?’ हाही प्रश्न येणार होता. आई गेली तेव्हा मी तुला तार केली. पोस्टात उभं राहून तारेत तेही घालावं असं वाटलं होतं. मी नाही घातलं. तू आला नाहीस आणि मी लोकांना सांगत फिरले की समुद्र खवळला होता.

मग आता कशानं तोंड उघडलं, तर तेही काही थोर नाही. ऑक्टोबरात आपल्या इथल्या लार्विकच्या दगडवाल्या मंडळात इंगविल्डचं व्याख्यान होतं. ती ग्रीनलंडच्या एका दगडाविषयी बोलत होती, त्याचाही रंग उजेड-अंधारानं बदलतो. दगडाच्या आत अणूंचे पिंजरे असतात, त्यात गंधक अडकलेलं असतं, उजेड पडला की काहीतरी सुटतं आणि अंधारात हळूहळू परत जाग्यावर बसतं, असं काहीसं. मागच्या रांगेतून कोलबाइन ओरडला, “अरे, म्हणजे आपला रंगारी खरं बोलत होता की काय!” सगळं सभागृह हसलं. चाळीस वर्षांनी, हाल्वोर! तो विनोद अजून चालतो इथे. मीसुद्धा हसले. चेहरा आपोआप हसला.

घरी येऊन मी कपाटातून डबा काढला. सकाळी पहिल्या बसनं डबा घेऊन तिच्या मुक्कामी गेले.

तिला मी सांगितलं की दगड माझ्या भावाचा आहे. बाकीचं सांगितलं नाही. मंडळाची सभा वीस तारखेला आहे.

गुन्वोर

हेल्गेरोआ, २१ एप्रिल १९९४

हाल्वोर,

काल सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. एक वाक्य पाठ करून गेले होते, ते विसरले. शेवटी म्हणाले, “त्रेपन्न साली मी तो दगड तांबडा बघितला होता आणि खोटं बोलले. हाल्वोर खोटं बोलला नव्हता. मी एकसष्ट सालापासून पुराव्यासकट गप्प बसले आहे.”

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “बरं. आभार, गुन्वोर,” आणि पुढचा विषय घेतला, सहलीची बस. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

बाहेर कोलबाइन थांबला होता. गुडघ्यानं बेजार झालाय, काठीवर रेलून उभा. म्हणाला, “माझा दात त्यानं पाडला तेव्हा मी त्याला खोटारडा म्हणालो होतो. दात गेला त्याचं काही नाही. पण तू ना गुन्वोर, तू चांगलीच आहेस हं.” ‘चांगलीच’ कसं म्हणाला, ते तुला ऐकू आलंच असेल. मग तो वळून म्हणाला, “त्याला माझा नमस्कार लिही. नको, नको लिहूस. त्याला माझं नाव कशाला?”

मी लिहिलाच.

गुन्वोर

हेल्गेरोआ, २२ मे १९९४

प्रिय हाल्वोर,

तुझं पत्र आलं. चार पानं! तुझं अक्षर आईसारखं झालंय.

एक भाग मी इतक्यांदा वाचलाय की मला तो पाठ झाला. तू लिहितोस: ‘बोटीवर वर्षभर मी स्वतःशीच भांडत होतो. दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि त्यातला एक म्हणतो नव्हतीच, तर चूक कुणाची? तू खोटं बोलशील हे माझ्या डोक्यातच येईना. तू लहानपणापासून चिठ्ठ्या लिहिणारी, ग्रॅमनं मोजणारी. मग ठरवलं की चूक माझीच. मला नाव हवं होतं म्हणून मला रंग दिसला. लग्नाआधी मी जेसीला सांगितलं, की मी तरुणपणी एक मोठं खोटं बोललो आणि त्यापायी गाव सोडलं. तेव्हापासून मी तेच खरं धरून चाललो. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मला राग आला नाही. मी गॅरेजमध्ये जाऊन खाली बसलो.’

मी एवढंच समजत होते की तुझं नाव गेलं, नोकरी गेली, गाव गेलं. तुझे स्वतःचे डोळेही मी तुझ्याकडून काढून घेतले, हे मला एक्केचाळीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. क्षमा माग, असं मी स्वतःला म्हणते आहे, पण क्षमा एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरी पडत नाही, म्हणून शब्द लिहीत नाही.

त्याऐवजी येते. बर्गनहून लेर्विकची उन्हाळी बोट जूनमध्ये सुरू होते. इंगविल्डनं नमुने घेतले तरी एक तुकडा मी तिला दिलेला नाही. तो सात महिने डब्यात आहे, वरून काळा कागद आणि दोन मोजे. रंग पुरता आला असेल की नाही, ठाऊक नाही. तुझ्या टेबलावर तो तू उघड. जेसी दोन वर्षांपूर्वी गेली, हे तुझ्या पत्रातूनच कळलं. मला तिला बघायचं होतं.

नको असेन तर तार कर. नाहीतर मी एकवीस तारखेला तुझ्या धक्क्यावर असेन. राखाडी कोट, केसही राखाडीच.

गुन्नी

लेर्विक, २९ जून १९९४

प्रिय इंगविल्ड,

तू फोनवर विचारत होतीस फॉर्मचं काय झालं. नीट सांगते, फोनवर मला जमलं नसतं.

हाल्वोर धक्क्यावर आला होता. आम्ही हात मिळवले, बँकेत मिळवतात तसे. घरी त्यानं स्वयंपाकघराचा पडदा ओढला, मी डबा पुढे केला, पण त्यानं तो घेतला नाही. म्हणाला, “तूच उघड. मला हाताळायचा नाही.” मी उघडला. फिकट होता, जुन्या गुलाबाच्या पाकळीएवढाच, पण होता. मग त्यानं स्वतःच पडदा बाजूला सारला. समोर समुद्र होता आणि चांगलं ऊन पडलं होतं. तो खुर्चीवर बसून बघत राहिला. अकरा मिनिटं लागली, तुझ्या टिपणासाठी लिहून ठेवते.

दगड पांढरा झाल्यावर हाल्वोर उठला आणि माझ्यावर ओरडला. आईच्या तारेवरून. “एकसष्ट साली तुला कळलं होतं, आणि सत्तर साली आई मेल्याची तार करताना तुला आणखी चार शब्द जड झाले? मी आईच्या मयतीला आलो नाही, कारण मला वाटत होतं मी तिच्या तोंडाला काळं फासलंय!” तो गॅरेजमध्ये गेला, दोन तास हातोडी आपटत होता. मी बटाटे सोलले.

परत आला तेव्हा ग्रीसचे हात धूत तो जेसीबद्दल बोलायला लागला. तिला त्यानं खोटं बोलल्याचं सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली, ते मला तेव्हाच कळलं. ती म्हणाली होती, “तू आणि खोटं? माझ्या आईची टोपी छान आहे एवढं तुला तोंड वर करून म्हणता येत नाही. तू बघितलास म्हणजे तो दगड तांबडा होता.” तो तिला म्हणायचा, नव्हता गं. ती म्हणायची, होता. तीस वर्षं हे भांडण चाललं, इंगविल्ड. तो स्वतःला खोटारडा ठरवायला भांडायचा आणि ती ऐकायची नाही. तिनं दगड बघितला नव्हता, खाण बघितली नव्हती, नॉर्वेत पाऊलही टाकलं नव्हतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हणाली, “तांबडाच होता, हाल्वोर. भांडू नकोस.”

“तिला सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “ती जिंकली हे तिला सांगायचं राहिलं.”

तर फॉर्म कोराच परत पाठवते आहे. त्याला स्वतःचं नाव नको आहे. त्यानं माझ्या चष्म्यानं तुमचे सगळे नियम वाचले आणि म्हणाला, मेलेल्या माणसाची परवानगी लागत नाही असं दिसतंय. दगडाला जेसीचं नाव द्यायचं, असं तो म्हणतो; तिचं माहेरचं नाव इंकस्टर. तुझी समिती विचारेल, या बाईचा दगडाशी संबंध काय? तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखव. नाहीच म्हणाले, तर जे हवं ते नाव ठेव. तो भांडणार नाही, मी भांडेन.

त्यानं मला माफ केलं का, हे तू विचारणार नाहीस, पण मनात येईल. त्यानं तसं म्हटलं नाही. आठवडाभर आम्ही इंजिनं, आईचे मासे आणि त्याच्या मुलीविषयी बोललो. ती अ‍ॅबरडीनला परिचारिका आहे. काल माझी बोट होती. तो गाडीनं धक्क्यावर घेऊन आला, माझी बॅग उतरवली, बोटीकडे चार पावलं गेला आणि थांबला. मग बॅग परत गाडीत टाकून म्हणाला, “पुढच्या मंगळवारी जा. मी अजून तुझ्यावर पुरता ओरडलेलो नाही.”

गुन्वोर